सवाल तुमचा, तोंड दुसऱ्याचं

बाळकाका, तुम्ही गेलात म्हणून परवा कचहरीचं काम बंद राहिलं. तुम्हाला आवडलं असतं. एखादा वकील गेला की बनारसच्या कचहरीत कोणी बहस करत नाही, खटल्यांना पुढच्या तारखा पडतात आणि बारच्या हॉलमध्ये शोकसभा होते, हे तुम्हीच मला कितीदा सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाच्या शोकसभेहून लवकर घरी आलात की काकूला म्हणायचात, "आज एका माणसाने मरून सगळ्यांना सुट्टी दिली." परवाची सुट्टी तुमच्या नावावर.

काकू म्हणाली, घरचं कोणीतरी जायला हवं. "तूच जा वसू. कायदा शिकलेली इथे आपल्यात तूच एक आहेस." म्हणून मी गेले. जन्म बनारसचा, सख्खा काका वकील, पदवी कायद्याची, आणि कचहरीच्या फाटकातून आत पाऊल टाकायची ती माझी पहिलीच वेळ. तुम्ही मला कधी येऊच दिलं नव्हतंत.

हे तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. बाबा गेले. काकूची नजर काचबिंदूने नेली, तिला आता अक्षर दिसत नाही. माझ्या घरी नवरा आणि मुलगी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. तेव्हा इथे मनासारखं भांडायची सोय आहे. रडून झालंय, आणखी बरंच रडायचं राहिलंय हेही ठाऊक आहे, पण आधी भांडण.

तुमच्या बाजूपासून सुरुवात करते. निदान तुम्हाला असं म्हणायला नको की वसूने माझं ऐकूनच घेतलं नाही.

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही कचहरीतून यायचात, काळा कोट खुंटीला लावायचात, चहा घ्यायचात आणि म्हणायचात, "चल वसू, हवा खाऊन येऊ." ब्रह्माघाटाच्या आपल्या गल्लीतून खाली उतरून घाटाघाटाने चालत आपण शिंदे घाटावर जायचो. तिथे पायऱ्यांवर बसून तुम्ही दिवसभराचा खटला सांगायचात. सांगायचात कसला, लढवायचात. वादी तुम्ही, प्रतिवादी तुम्ही, साक्षीदारही तुम्ही. न्यायाधीश तेवढी मी. मला एक पायरी वर बसवून तुम्ही खाली उभे राहायचात आणि "हुजूर" म्हणून असे वाकायचात, की शेजारी बसलेले नावाडीसुद्धा आपल्या गप्पा थांबवून ऐकायचे. तुमचा आवाज काय लागायचा, काका. घरात जेवताना मीठ मागायला संकोचणारा माणूस तिथे पाण्यापलीकडे ऐकू जाईल असं बोलायचा.

त्यातला नावेचा खटला मला पाठ आहे. दोघा नावाडी भावांचं भांडण. धाकटा म्हणे, नाव मी नवी बांधून घेतली. थोरला म्हणे, ही बापाची नाव, मी नुसती डागडुजी केली. दोन्हीकडे साक्षीदार सारखेच, कागद कोणाकडेच नाही. "मग मी उठलो," तुम्ही म्हणायचात, "आणि दोघांना एकच सवाल विचारला. पावसाळ्यात या नावेत पहिलं पाणी कुठून शिरतं?" धाकटा म्हणाला, नव्या नावेत पाणी शिरेल कशाला. थोरल्याने क्षणाचाही विचार न करता फळी सांगितली, कुठल्या अंगाची, मागून कितवी, आणि बाप तिथे काय ठासून भरायचा तेही. "आणि मी खाली बसलो. कधी खाली बसायचं हे वकिलाला कळलं पाहिजे, वसू." मी दर वेळी थोरल्याच्या बाजूने निकाल द्यायचे.

मला वकील व्हायचं होतं ते त्या पायऱ्यांमुळे. ते तुमचं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. कायद्यावर प्रेम करायला तुम्ही शिकवलंत. म्हणून तर राग इतका आहे. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

बारावीनंतर मी तुमच्यासमोर बसले तेव्हा मला वकिलीच्या दोन वाटा ठाऊक होत्या. एक सरळ, बारावीनंतर पाच वर्षांची, बीए आणि एलएलबी एकत्र. दुसरी लांबची, आधी कुठलीही पदवी आणि त्यावर तीन वर्षांची एलएलबी. दोन्हींच्या शेवटी सनद मिळते आणि सनद मिळाली की कोट. पाच वर्षांच्या कोर्सला लखनौच्या एका कॉलेजात माझं नाव लागलंही होतं. बाबा रेल्वेतले, त्यांनी मला न्यायला-आणायला सोयीच्या गाड्यासुद्धा बघून ठेवल्या होत्या. तुम्ही तिसरी वाट काढलीत. "लखनौला कशाला? इथेच बीए लीगल स्टडीज आहे. तीन वर्षं फक्त. संविधान, करार, फौजदारी, सगळं तेच शिकवतात. घरचं जेवण मिळेल, दोन वर्षं वाचतील, आणि मग माझ्या तख्तावर येऊन बस."

कचहरीच्या आवारात झाडाखाली वकिलांच्या लाकडी चौक्या असतात, त्यांना तुम्ही लोक तख्त म्हणता. माझ्या कानाला तो शब्द दिल्लीच्या तख्तासारखाच लागायचा. तरी बाबांनी विचारलं, "पण बाळ, याने वकिली करता येईल ना?" त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला तुमच्या आवाजासकट आठवतं. "दादा, पुण्याच्या ताईची नेहा बीएसएल करतेय ना? तिलाही तीन वर्षांत डिग्री मिळणार. तेच हे. इथे नाव वेगळं."

झालं. पुण्याचं नाव निघालं की बनारसच्या मराठी घरात पुढे कोणी विचारत नाही. आपल्या लोणच्यापासून लग्नापर्यंत सगळ्याचा दाखला पुण्याचा. आणि घरात वकील असताना कायद्याचं बाहेर कोणाला विचारणं म्हणजे तुमचा अपमान. बाबांनी लखनौला नकार कळवला.

आता मी विद्यापीठाजवळ, लंका भागातल्या एका कोचिंगमध्ये समुपदेशक आहे. कायद्याला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना समोर बसवून वाटा समजावून सांगते, तोच माझा पगार. म्हणून मला झोपेतही सांगता येईल की पुण्यात तीन वर्षांनी जी पदवी हातात येते ती पाच वर्षांच्या गाडीतलं मधलं स्टेशन असतं. मुलं गाडीतच बसून राहतात, पुढची दोन वर्षं करतात, एलएलबी होतात. नेहा तशीच झाली. आमच्या बीए लीगल स्टडीजची गाडी तीन वर्षांनी थांबते ती थांबतेच. ती पदवी वाईट नाही, हे मी आईबापांना आवर्जून सांगते. सरकारी परीक्षा द्यायची असेल, कंपनीत करारांचं किंवा नियमपालनाचं काम करायचं असेल, कोर्टाच्या बातम्या लिहायच्या असतील, संस्थांमधून लोकांना त्यांचे हक्क समजावायचे असतील, तर उपयोगाची आहे. पण कोर्टात उभं राहायचं असेल, किंवा पुढे न्यायाधीशाची परीक्षा द्यायची असेल, तर एलएलबीला पर्याय नाही. एवढं एक वाक्य, काका. मी ते रोज परक्यांना सांगते. तुम्ही ते एकदा मला सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं, हा प्रश्न मी इतकी वर्षं विचारत होते. परवा उत्तर मिळालं.

ते शेवटी सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला आमच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, "जिन्हें वकालत करनी है, वो अब एलएलबी की तैयारी करें." कोणीही चमकलं नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. कोणी पत्रकारितेसाठी आलं होतं, कोणी अधिकारी व्हायला. वकिलाच्या घरातली मी एकटीच तिथे तोंड वासून बसले होते. तशीच घरी आले. तुम्ही ओसरीवर सुपारी कातरत होतात. मी म्हटलं, काका, हे तर नुसतंच बीए निघालं. तुम्ही अडकित्ता खाली न ठेवता म्हणालात, "कायदा कळला ना तुला? मग कोटाचं काय घेऊन बसलीस. उन्हात नुसता भाजतो." आणि हसलात.

मला वाटलं, तुमची चूक झाली आणि तुम्ही शरमलात. कितीतरी दिवस मीच तुम्हाला सांभाळून बोलत होते. माणूस चुकतो, म्हणत होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मीच माझ्या पदवीला हसायचे, म्हणजे तुम्हाला अवघड वाटू नये.

त्याच उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. कमावायला लागणं भाग होतं. तरी दर वर्षी मी एलएलबीचं काढायचे आणि दर वर्षी तुमच्याकडे नवं कारण तयार असायचं. या कॉलेजच्या मान्यतेचं काही खरं नाही. त्या कॉलेजात शिकवतच नाहीत. यंदा थांब, नियम बदलणार आहेत. कारणं संपली की म्हण. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि शहाणीने तर नाहीच नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि विषय निघेनासा झाला.

घराने मात्र निकाल देऊन टाकला होता. वसूला वकिली झेपली नाही. पुण्याची आत्या म्हणते, नेहाने चिकाटी धरली, वसूने अर्ध्यावर सोडलं. काकू तर किती मायेने म्हणते, "जाऊ दे गं, सगळ्यांना जमतं असं नाही." गणपतीत, लग्नाकार्यात, कोटातल्या नेहाचा फोटो फोनवर हातोहात फिरायचा आणि मग हे वाक्य यायचंच. तुम्ही तिथेच बसलेले असायचात. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तिने नाही सोडलं, मी तिला चुकीच्या गाडीत बसवलं. गप्प राहायची तुमची हातोटी मला तेव्हा स्वभाव वाटायची.

दवाखान्यात शेवटी मी पुन्हा विचारलं, ते चुकलंच म्हणा. ती वेळ नव्हती. पण मला धीर धरवेना. "काका, तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?" तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "हो. तू तिथे यावंस असं मला वाटत नव्हतं, वसू." मी पुढे विचारणार तर नर्स आली. मी माझ्यापुरता अर्थ लावला. कचहरीतली गर्दी, धुरकट जागा, बायकांकडे बघणाऱ्या नजरा, जुन्या वळणाचा काका. मला राग आला, पण तो असा राग होता की तेराव्यापर्यंत निवला असता.

आणि मग शोकसभा.

हॉल भरला होता. तुमचा फोटो टेबलावर, हार घातलेला. आधी एकजण उठले आणि म्हणाले, "ऐसा हलफ़नामा पूरी कचहरी में कोई नहीं लिखता था. भाषा देखकर जज साहब पहचान जाते थे." तुमच्या प्रतिज्ञापत्रांचं ते कौतुक ऐकून मला भरून आलं. दुसरे म्हणाले, अर्ज, नोटिसा, करारनामे, जे अडलं ते तुमच्या तख्ताकडे यायचं. मी वाट बघत होते की आता कोणीतरी बहसचं काढेल. मग पांढऱ्या केसांचे एक वकील उठले, तिवारीजी. तुमच्याच शेजारच्या तख्तावर ज्यांचा जन्म गेला ते. ते प्रेमाने हसत म्हणाले, "बहस के फेर में तो बाळ बाबू कभी पड़े ही नहीं. नए-नए आए थे, एक बार जज साहब के सामने खड़े हुए तो आवाज़ ही नहीं निकली. उतर आए. फिर कभी चढ़े नहीं. हम लोग कहते रह गए."

हॉलमध्ये सगळे हळूच हसले, आपल्या माणसाच्या खोडीवर हसतात तसं. सगळ्यांना माहीत होतं. पुन्हा एकदा वर्गात बसल्यासारखं झालं, सगळ्यांना माहीत आणि मला नाही.

तिवारीजी पुढे बोलत होते. "वो नाव वाला मुक़दमा याद है? बहस हमने की थी. लेकिन पहला पानी किधर से आता है, ये बाळ बाबू ने बताया था, यहीं पेड़ के नीचे. सवाल उनका था, मुँह हमारा था."

शिंदे घाटावर तुम्ही जिंकलेला प्रत्येक खटला दुसऱ्याच्या तोंडचा होता. ते मी सोडून देते, काका. खरंच सोडून देते. उलट सवाल तुमचा होता हे ऐकून मला अभिमान वाटला, तिथल्या तिथे वाटला. घाबरलात, आवाज गेला, ही काय लाजायची गोष्ट आहे? कोचिंगमध्ये अशी कितीतरी मुलं येतात. मी त्यांना सांगते, कायद्यात न बोलता करण्यासारखं पुष्कळ आहे, मसुदे लिहिणारे लोक नसतील तर बोलणारे काय बोलणार. तुमच्यासारख्यांसाठीच मी हे बोलत आले आणि मला ठाऊकही नव्हतं.

पण झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून तुम्ही माझा हात बांधून ठेवलात. मी तख्तावर येऊन बसले असते तर पहिल्याच आठवड्यात मला कळलं असतं की काका वर कोर्टात जात नाहीत. एवढ्यासाठी लखनौ गेलं. एवढ्यासाठी दर वर्षीची कारणं. चूक नव्हतीच ती. ज्याच्यावर विश्वास टाकून बाबांनी मुलीचं पुढचं सगळं सोपवलं, त्याने विचार करून, हसतमुखाने, केसाने गळा कापला. कुंपणानेच शेत खाल्लं, याहून वेगळं मला काही म्हणता येत नाही.

आणि सगळ्यात कशाने जळतं सांगू? तोंड तर माझ्याकडे होतं. घाटावरच्या नावाड्यांना विचारा. तुम्ही झाडाखाली बसून सवाल काढला असतात आणि मी वर जाऊन विचारला असता. तिवारीजींना जे दिलंत ते मला देता आलं असतं. आपण दोघं मिळून एक पुरा वकील झालो असतो, काका. तुम्हाला ते सुचलं नाही असं होणारच नाही, तुमचं डोकं तसं नव्हतं. सुचलं आणि तरी तुम्हाला माझ्यापुढे लहान व्हायची भीती जास्त वाटली. मी तुम्हाला लहान मानलं असतं असं कसं वाटलं तुम्हाला? इतक्या संध्याकाळी मी एक पायरी वर बसून तुमच्याकडे कशी बघत होते, ते तुम्ही पाहिलं नव्हतंत?

सभा संपल्यावर लोकांनी दोन मिनिटं मौन पाळलं. तिवारीजींनी जवळ येऊन डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बिटिया, तुम भी तो लॉ की हो न? प्रैक्टिस कहाँ करती हो?" मी म्हटलं, नाही करत.

लोक म्हणतील, अजून कर. एलएलबीला वयाची अट नाही, हे मीच लोकांना सांगते. करीनही कदाचित. पण तेव्हा झाडाखाली सवाल काढून देणारं कोणी नसेल.

ब्रह्माघाटावर आले तेव्हा काकू पलंगावर दाराकडे तोंड करून बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "आलीस? काय बोलले गं लोक? पुष्कळ होते?" मी म्हटलं, हॉल भरला होता. अर्जांचं सांगितलं, हलफनाम्यांचं सांगितलं, जज साहेब भाषा ओळखायचे ते सांगितलं. ती मान हलवत होती, पण तिचं त्यात लक्ष नव्हतं.

"आणि बहस?" ती म्हणाली. "ते नाववाल्या मुकदम्याचं कोणी काढलं की नाही?"

खरं सगळं माझ्या तोंडात होतं. एवढी वर्षं जे वाक्य माझ्या नावावर फिरलं ते पुसून टाकायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. फक्त तोंड उघडायचं होतं. समोर काकू तुमचा कोट मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या बाहीवरून आंधळा हात फिरवत होती.

"काढलं ना," मी म्हटलं. "एक म्हातारे वकील उठले, तिवारीजी म्हणून. ते म्हणाले, काका बोलायला उभे राहिले की कोर्ट गप्प व्हायचं."

सनद नसलेल्या बाईने तुमची बाजू मांडली, काका, आणि खोट्या साक्षीवर जिंकली. काकूने पदराने डोळे पुसले. मग चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला.

"त्यांची फार इच्छा होती गं, तू शेजारी बसावंस म्हणून," ती म्हणाली. "तूच मधे सोडून दिलंस."

"हो काकू," मी म्हटलं. "मीच सोडलं."